गोष्टीत सांगायचं किती अन् गिळायचं किती?

बालाघाटची_लेक (धागालेखिका)

मंडळी, दिवाळी अंकासाठी एक कथा लिहायला घेतली आणि मधेच अडकले. भाषेचं अडलेलं नाही. ही गोष्ट सांगायचा हक्क मला आहे का, इथं घोडं अडलंय. इथं लिहिणारे बरेच आहेत, आपल्याकडचेही आहेत, म्हणून विचारते.

कथा १९४८ ची. गाव धाराशिव जिल्ह्यातलं, म्हणजे तेव्हाच्या निजामाच्या राज्यातलं. त्या सालाबद्दल बोलायची आमच्या भागात एक ठरलेली रीत आहे. रझाकारांनी, म्हणजे निजामाच्या बाजूच्या हत्यारबंद टोळ्यांनी, कसा छळ मांडला, माणसं लेकरंबाळं घेऊन रातोरात हद्दीपलीकडं बार्शीला कशी गेली, कडब्याच्या गंजीत कोण लपलं, कुणाची म्हैस दावणीलाच राहिली, हे सगळं बारीकसारीक तपशिलासकट सांगतात. मग १३ सप्टेंबरला फौजा शिरल्या, १७ ला निजाम शरण आला. 'मग पोलीस ॲक्शन झालं' एवढं म्हणून आमची आजी उठायची आणि चुलीकडं जायची. त्याच्या पुढचे महिना-दोन महिने आमच्या घरात कुणी सांगतच नाही.

ते मी मोठेपणी वाचून शिकले. नेहरूंनी पंडित सुंदरलाल यांच्या नेतृत्वाखाली एक शिष्टमंडळ हैदराबाद संस्थानात पाठवलं होतं. नोव्हेंबर-डिसेंबर १९४८ मध्ये ते गावोगाव फिरलं. पोलीस ॲक्शनच्या काळात आणि नंतर २७ ते ४० हजार माणसं मारली गेली असावीत, तीही अगदी हात राखून, असा त्यांचा अंदाज. मारले गेले ते बहुतेक मुसलमान. सगळ्यात जास्त झळ बसलेल्या जिल्ह्यांत आमचा उस्मानाबाद, म्हणजे आताचा धाराशिव, आहे, नांदेड आहे. रझाकारांच्या अत्याचारांचीही नोंद त्यात आहे, आणि जिवावर उदार होऊन शेजाऱ्याला वाचवणाऱ्या हिंदूंचीही. हा अहवाल सरकारनं कित्येक दशकं छापलाच नाही.

सरकार गप्प बसलं ते एक, आजी गप्प बसली ते दुसरं. आणि तिसरं असं की ज्या घरावर मी कथा बेतली आहे त्या घरातली एक म्हातारी अजून आहे. मी तिला खाला म्हणते. 'लिहू का?' म्हणून विचारलं, तर सुपारी कातरत म्हणाली, 'लिखो ना मा, पन हमारा नक्को लिखो.'

आता सांगा. लिहा म्हणते, पण आमचं नको म्हणते. मग कुणाचं लिहू?

(कृपया आजचे पक्ष आणि आजचे पुढारी इथं ओढू नका. त्यासाठी दुसरे धागे धो धो वाहतायत.)

*

रोखठोक_लातूर

यात विचारायचं काय? घडलंय ते लिहा. परवानग्या गोळा करून साहित्य होत नसतं. कुणाला वाईट वाटेल म्हणून गप्प बसायचं असेल तर लेखक कशाला होता, ग्रामसेवक व्हा.

*

सुगरण_वसमत

ग्रामसेवकावर कशाला घसरता भाऊ, माझा नवरा ग्रामसेवक आहे. तो बोलत नाही हे खरं. आणि लिहितो ते कुणाला वाचता येत नाही.

धागा छान. वाचतेय.

*

वकील_जिंतूररोड

कायद्याचं तेवढं सांगून ठेवतो, बाकी तुमचं तुम्ही बघा.

राज्यघटनेच्या १९(१)(क) नं बोलायचं-लिहायचं स्वातंत्र्य दिलंय आणि १९(२) मध्ये त्याला कुठं लगाम घालता येईल त्याची यादी दिली आहे. देशाची सुरक्षितता, सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता, न्यायालयाचा अवमान, बदनामी, गुन्ह्याला चिथावणी वगैरे. 'एक म्हातारी नको म्हणाली' हे त्या यादीत बसत नाही. खालानं नको म्हटलं म्हणून कायदा तुमचा हात धरणार नाही.

पण दोन ठिकाणी जपा. एक, मेलेल्या माणसाचीही बदनामी होते. जुन्या भारतीय दंड संहितेचं ४९९ कलम आता, म्हणजे १ जुलै २०२४ पासून, न्याय संहितेत ३५६ झालंय, पण स्पष्टीकरण तेच आहे: माणूस जिवंत असता तर ज्यानं त्याची अब्रू गेली असती असं काही, घरच्यांच्या मनाला लागावं या हेतूनं लिहिलं, तर गुन्हा. तुमच्या कथेत १९४८ चा कुणी पाटील नावानिशी आला तर त्याचा नातू फिर्याद देऊ शकतो. खरं असून लोकहितासाठी लिहिलं हा बचाव आहे, पण खरं आहे हे शाबीत तुम्हालाच करावं लागेल. पंचनामा नाही, साक्षीदार नाही. कसं करणार?

दुसरं, बाईवर बलात्कार झालेला असेल तर तिचं नाव, ओळख पटेल असं काहीही छापायचं नाही. ती हयात नसली तरीही नाही. २०१८ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयानं हे स्वच्छ सांगितलंय.

रोखठोकराव लातूरचे आहेत म्हणून त्यांच्याच गावातला दाखला देतो. १९९४ साली बँक कर्मचाऱ्यांच्या संघटनेच्या अंकात गांधीजींवर एक कविता छापली गेली. अश्लीलतेचा गुन्हा दाखल झाला, खटला लातूरच्या न्यायालयात. तिथून वर चढत चढत १४ मे २०१५ ला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. छापणारे सुटले, कारण त्यांनी लगेच माफी मागितली होती. कवीला मात्र खटल्याला तोंड द्या म्हणून सांगितलं. २१ वर्षं! घडलंय ते लिहा म्हणणं सोपं असतं, तारखेला उभं राहणारा वेगळा असतो.

*

रोखठोक_लातूर

वकीलसाहेब, भीती घालायची फी किती घेता?

असो. माझा मुद्दा तिथंच आहे. कायद्याला घाबरून लेखक गप्प बसतो आणि वर त्याला 'संवेदनशीलता' असं गोंडस नाव देतो.

*

जात्यावरची

मला धागालेखिकेचं अडणं खरं वाटतं. भीतीचं वाटत नाही.

माझी आई गंगाखेडकडची. तिची आई जात्यावर शेकडो ओव्या म्हणायची. मी कॉलेजात असताना टेपरेकॉर्डर घेऊन तिच्यापुढं बसले, तर तिला काही आठवेना. नुसतं तोंडानं म्हणून दाखव म्हटलं की दोन ओळी म्हणून थांबायची. शेवटी आईनं कोपऱ्यातलं जातं मांडलं, मूठभर ज्वारी टाकली, खुंटा हातात दिला. मग जे सुरू झालं! सासू, नणंद, नवऱ्यानं टाकलेली मधली बहीण, विहिरीवर कुणी काय बोललं, सगळं. आणि गंमत सांगते, माझा मामा अंगणातून आत आला की त्याच फेऱ्यात, खुंटा न थांबवता, ओवी रामसीतेवर जायची. मामा गेला की पुन्हा सासूवर. टेपमध्ये ती वळणं ऐकू येतात. मामाच्या चपलांचा आवाज, आणि लगेच राम.

हेमा राईरकर आणि गी पॉइतवँ यांनी महाराष्ट्रभरातून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. वाचून बघा. भाऊ, विठ्ठल, पुढं पुढं भीमराव, यांची नावं ठासून येतात. छळणाऱ्या सासूचं नाव मात्र मला क्वचितच सापडलं. ती नुसती 'सासू'. पण ऐकणाऱ्या बाईला कुणाची सासू ते कळायचं. याला भेकडपणा म्हणणाऱ्यानं पहाटे चारला उठून दोन पायल्या दळून दाखवावं, मग बोलू.

म्हणून माझं मत: लिहा, पण कुणी आत आलं की ओवी कशी वळवायची ते आजीकडून शिका.

*

भारुडवाला_पैठण

जात्यावरची ताईंना दंडवत.

नाथांनी हेच केलं हो. संसाराला कंटाळलेल्या बाईच्या तोंडून, महाराच्या तोंडून, वेडीच्या, आंधळ्याच्या तोंडून जे बोलायचं ते बोलून घेतलं. सोळाव्या शतकात, पैठणसारख्या कर्मठ गावात, स्वतःच्या तोंडानं म्हणाले असते तर वाळीत पडले असते. तसाही त्रास कमी झाला नाही म्हणा. सोंग घेतलं की मोकळं बोलता येतं. आम्ही अजून भारूड करतो तेव्हा सरपंच समोर बसलेला असतो आणि हसत असतो. त्याला वाटतं बाजूच्या गावच्या सरपंचावर चाललंय.

*

उसाच्या_फडातून

पहिल्यांदाच लिहितोय इथं. चूकभूल द्यावी घ्यावी.

माझे आईवडील कोयता. बीड जिल्ह्यातले. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, नवराबायको मिळून एक कोयता धरतात. मुकादम उचल, म्हणजे आगाऊ पैसे, देतो, ती फिटेपर्यंत फडात राबायचं. एक दिवस काम बुडलं की खाडा, त्याचे पैसे उचलीत चढतात. पाळीच्या दिवसांत खाडा परवडत नाही, पाण्यात उभं राहून मोळ्या वाहाव्या लागतात, आणि मग आमच्याकडच्या बायका डॉक्टरच्या सांगण्यावरून गर्भाची पिशवी काढून येतात. २०१९ मध्ये यावर सरकारनं समिती नेमली, नीलम गोऱ्हे अध्यक्ष होत्या. ८२,३०९ बायकांची पाहणी झाली आणि १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. हे सगळं छापून आलंय.

आमच्या तांड्यावर तेव्हापासून माणसं येऊ लागली. कॅमेरेवाले, पेपरवाले, एक नाटकवाला. नाटकवाला चांगला होता, चहा पिऊन गेला. सगळ्यांना एकच पाहिजे, पिशवीचं सांगा. माझ्या आईला उचल किती, टनाला किती, मुकादमानं वजनात किती मारलं, कोणत्या साली कारखान्यानं पैसे बुडवले, हे तोंडपाठ आहे. साल विचारा, आकडा सांगेल. ती ते सांगायला बसली की हे पेन खाली ठेवायचे. शेवटी एकीला आई म्हणाली, 'उचलीचं लिवा ताई, पिशवीचं लई झालं.' ताईनं पिशवीचंच लिहिलं. वर आईचा फोटो. तोंड झाकलेलं, पण लुगडं ओळखू येतं ना गावात.

रोखठोक साहेब, त्या ताईंना लिहायचं स्वातंत्र्य होतं, मी नाही म्हणत नाही. पण माझी आई तेव्हा गप्प नव्हती बसली. ती बोलत होती. ऐकणाऱ्याला दुसरंच ऐकायचं होतं.

*

सुगरण_वसमत

+१. हा प्रतिसाद वेगळा लेख म्हणून टाका दादा.

*

रोखठोक_लातूर

उसाच्या फडातून, तुमच्या आईंबद्दल आदर आहे. फोटो छापणं चूकच. पण त्या बातम्या आल्या नसत्या तर समिती तरी नेमली असती का? मुकादम, डॉक्टर, कारखाना, सगळ्यांना बायकांनी गप्प बसलेलंच सोयीचं होतं.

*

उसाच्या_फडातून

नसती नेमली. हे खरंय. मी पण त्यावर लई विचार करतो. उत्तर नाही माझ्याकडं.

*

अठ्ठ्याहत्तर

इतका वेळ वाचत होतो. आता बोलतो, कारण धागा फार गोड व्हायला लागलाय.

२७ जुलै १९७८ ला विधिमंडळानं मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव द्यायचा ठराव केला. त्यानंतर मराठवाड्यातल्या गावागावात दलित वस्त्यांचं काय झालं ते ज्यांना माहीत नाही त्यांनी वाचावं. घरं जळाली, विहिरी नासवल्या, नांदेड जिल्ह्यात पोचिराम कांबळेंना मारलं. नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडलं. माझा जन्म मधला. माझ्या वडिलांनी अठ्ठ्याहत्तरलाच गाव सोडलं आणि परत गेले ते थेट आजोबांच्या मातीला.

गावात आजही आमचं स्वागत होतं. पंगतीला बोलावतात. आणि कधी विषय निघालाच तर एक वाक्य ठरलेलं, 'जाऊ द्या हो, जुनं कशाला उकरून काढता.' हे वाक्य मला कधी जळालेल्या घरातल्या माणसाकडून ऐकायला मिळालं नाही. ते नेहमी काडी लावणाऱ्या घरातून येतं, किंवा त्या रात्री दार लावून बसलेल्या घरातून.

म्हणून जात्यावरची ताई, ओवी वळवायची कला मोठी आहे, मान्य. पण ती मामाच्या घरात राहायचं म्हणून शिकावी लागलेली कला आहे. आम्ही ती का शिकायची? आमच्या लोकांनी आत्मकथनं लिहिली ती नावगावानिशी लिहिली, तेव्हाही 'घरातली धुणी चव्हाट्यावर' म्हणून नाकं मुरडली गेली. आपल्याच घरातूनही मुरडली गेली, तेही सांगतो. आया रुसल्या, भाऊ बोलायचे बंद झाले. तरी लिहिलं.

धागालेखिकाबाईंना सरळ प्रश्न: तुमची आजी कोणत्या घरातली? जळालेल्या, काडीच्या, की दार लावलेल्या? ते कळल्याशिवाय तुम्हाला सल्ला देता येणार नाही.

*

सिराज_की_गली

वरच्या प्रश्नाचं उत्तर यायचं आहे, तोवर माझं.

आमच्या घरी ही गोष्ट अर्धीच सांगतात, पण दुसरी अर्धी. बालाघाटताईंची आजी १७ सप्टेंबरला थांबायची, माझी दादी १७ सप्टेंबरला सुरू करायची. कोण कुठल्या शेतात लपलं, कुणी ज्वारीच्या कणसांवर दिवस काढले, कुठल्या मराठा घरानं माडीवर ठेवून घेतलं. त्यांच्या घरी अजून ईदचा शीरखुर्मा जातो. पण त्याच्या आधीच्या वर्षाबद्दल एक शब्द नाही. दादांचा एक चुलतभाऊ रझाकारांत होता. खाकी घालून कवायत करायचा. हे मला घरात कुणी सांगितलं नाही, शेजारच्या गावातल्या एका वारकरी आजोबांनी सांगितलं, तेही मी फारच मागं लागलो म्हणून.

तेव्हा गप्प बसणं ही एकाच बाजूची मिरास नाही.

दुसरं, रझाकार म्हणजे मुसलमान असं सरसकट धरून लिहू नका. शोएबुल्ला खान हे नाव किती जणांनी ऐकलंय? हैदराबादहून 'इमरोज' नावाचं उर्दू दैनिक काढायचे. संस्थान भारतात सामील व्हावं असं लिहायचे, रझाकारांवर टीका करायचे. ऑगस्ट १९४८ मध्ये त्यांना रात्री रस्त्यात गाठून मारलं आणि हात तोडला. लिहिणाऱ्याचा हात. महिनाभर थांबले असते तर जगले असते. अभिव्यक्तिस्वातंत्र्यावर बोलायचं असेल तर मराठवाड्यातल्या शाळांत हे नाव फळ्यावर पाहिजे.

आणि खालांचं म्हणाल तर मला त्या समजतात. माझ्या दादीला मी विचारलं असतं तर तिनंही हेच सांगितलं असतं. खालांना गोष्टीची भीती नाही. गोष्ट छापून आल्यावर बाजारात लोक जे बघतील त्याची आहे. इतकी वर्षं त्याच बाजारात जातायत, पुढंही जायचंय, त्याच दुकानातून तेल आणायचंय. लिहून तुम्ही पुण्याला जाल.

*

बालाघाटची_लेक

पुण्याला नाही हो, मी लातूरलाच असते. पण मुद्दा पोचला.

अठ्ठ्याहत्तर, तुमच्या प्रश्नाचं उत्तर द्यायला दोन रात्री घेतल्या. देते.

आमच्या गोठ्यात एक तांब्याची देगची होती. चांगली मोठी, चाळीस माणसांचं रांधता येईल एवढी. आतून कधीकाळी कल्हई केलेली, नंतर काळी पडलेली. आजी तिच्यात ढोरांची पेंड भिजवायची. घरात लग्नं झाली, बारशी झाली, शेजारून भांडी मागून आणली, पण ती देगची कधी चुलीवर चढली नाही. लहानपणी मला वाटायचं तिला भोक असेल. नव्हतं.

काठाच्या खाली भांड्यावर नाव घालतात तसं टोच्यानं टिंब-टिंब करून नाव घातलेलं आहे. उर्दूत.

मी हे कधी कुणाला विचारलं नाही, आणि मला कुणी सांगितलं नाही. पण एक गोष्ट मागच्या आठवड्यात, हा धागा काढल्यावर, डोक्यात आली आणि तेव्हापासून जात नाही. आजोबा निजामाच्या शाळेत शिकले. सगळं शिक्षण उर्दूतून. म्हाताऱ्या वयातही हिशेबाच्या वहीत उर्दू आकडे टाकायचे. घरात ते नाव वाचता येणारा एकच माणूस होता, आणि तो रोज संध्याकाळी ढोरांना पेंड घालायचा.

तर आमचं घर कोणतं? दार लावलेलं नव्हतं, एवढं नक्की.

देगची अजून आहे. फोटो इथं टाकू का? कुणी वाचून सांगेल का?

*

वकील_जिंतूररोड

टाकू नका. वकील म्हणून सांगतोय.

*

सिराज_की_गली

टाकू नका. मी वकील नाही.

नाव आमच्यापैकी कुणाचं निघालं तर मला पुढं काय करावं कळणार नाही. नाही निघालं तर दुसऱ्या कुणाचं आहेच. हवं तर मला एकट्याला पाठवा, मी वाचून तुम्हाला एकटीला सांगतो. पुढं काय करायचं ते तुमचं घर ठरवेल.

*

माळवद_औसा

विषय थोडा वेगळा, पण याच गल्लीतला आहे, म्हणून सांगतो.

आमचं गाव भूकंपातलं. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे चारच्या सुमाराला. गणपती बुडवून आदल्या रात्री माणसं झोपलेली. दगडमातीच्या जाड भिंती आणि वर मातीचं माळवद, घरंच्या घरं अंगावर आली. दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. दरवर्षी त्या तारखेला पत्रकार येतात आणि आम्ही सांगतो. सांगून सांगून गोष्ट गुळगुळीत झाली आहे. कुठं थांबायचं, कुठं डोळे पुसायचे, सगळं ठरलेलं.

एक गोष्ट मात्र कुणी सांगत नाही. ढिगाऱ्यातून कुणी काय काढून नेलं ती. बाहेरून आलेल्या चोरांच्या गोष्टी सांगतात, त्या खऱ्याही आहेत. पण आपल्यातलेही होते. अमक्याच्या बायकोच्या गळ्यातली बोरमाळ तमक्याच्या सुनेच्या अंगावर दोन वर्षांनी दिसली, असं. सगळ्या गावाला माहीत. नवं गाव वसलं, पत्र्याच्या शेडांतून घरांत गेलो, दोघांची घरं आता समोरासमोर आहेत. मुलं एका वर्गात शिकली.

मी हे लिहायचं नाही असं ठरवलंय. अठ्ठ्याहत्तर यांना पटणार नाही, माहीत आहे. पण ज्याची बोरमाळ गेली तोच म्हणाला होता, 'त्या दिवशी कुणी शहाणं नव्हतं.' त्यानं सोडून दिलं तर मी कोण काढणारा?

*

अठ्ठ्याहत्तर

माळवद, मला पटतं. ज्याची माळ गेली तो म्हणाला. विषय संपला. ज्यानं नेली तो म्हणाला असता तर नसतं पटलं.

बालाघाटताई, तुमच्याशी थोडा कडक बोललो होतो. तुम्ही सांगितलंत. इतकं सरळ उत्तर मला माझ्या गावातून अजून मिळालेलं नाही.

आता सल्ला देतो, मानायचा तर माना. खालाचं घर कथेतून काढून टाका, पूर्ण. त्यांनी नको म्हटलंय. तुमचं घर घाला. गोठा, पेंड, आजोबांची उर्दू. आणि गावाचं नाव घाला. 'मराठवाड्यातलं एक गाव' असलं धुकं नको. आमच्या सगळ्या गोष्टी त्या धुक्यात हरवल्यात.

*

जात्यावरची

गावाचं नाव घातलं की खाला कोण ते गावात दोन मिनिटांत कळेल. गावात किती घरं उरली असतील त्यांची?

*

अठ्ठ्याहत्तर

हां. ते लक्षात आलं नव्हतं.

*

बालाघाटची_लेक

चार घरं. म्हणून गावाचं नाव येणार नाही, पण तालुका येईल आणि साल येईल. अठ्ठ्याहत्तर, धुकं थोडं राहणार, त्याला इलाज नाही. मात्र धुकं त्यांच्या घरावर राहील, आमच्यावर नाही. आमचं आडनाव घालतेय. कथा छापली तर लेखिकेच्या नावात ते नाहीतरी येणारच आहे.

देगचीवरचं नाव सिराजभाईंनी वाचून सांगितलं. कथेत येणार नाही. इथंही लिहीत नाही. खालाला मात्र जाऊन सांगितलं, कारण ते तिच्या ओळखीचं होतं. काय म्हणाली ते माझ्यापाशी राहू द्या.

बारा पानं होती, सात उरली. रझाकारांची सगळी पाठ झालेली प्रकरणं गेली, कडब्याची गंज गेली, म्हैस गेली. पहिला खर्डा वाचलेल्या मैत्रिणीचं म्हणणं, आधीची जास्त 'रंगत' होती. असेल.

*

भारुडवाला_पैठण

अंक कुठला ते तरी सांगा ताई, विकत घेतो.

*

बालाघाटची_लेक

अजून त्यांनी घेतली कुठं! पाठवली आहे. 'दिवाळीत वाचकांना असं जड देत नाही' असं उत्तर येण्याचीही शक्यता आहे.

*

उसाच्या_फडातून

आलं तर इथंच टाका. आम्ही आहोत जड वाचायला.

*

रोखठोक_लातूर

म्हणजे शेवटी सगळ्यांना विचारून, सगळ्यांची मनं राखूनच लिहिलंत. मी पहिल्याच प्रतिसादात म्हणालो होतो, परवानग्या गोळा करून साहित्य होत नसतं.

*

बालाघाटची_लेक

सगळ्यांना कुठं? खालाला विचारलं. आमच्या वडिलांना, काकांना विचारलेलं नाही, विचारणारही नाही. आडनाव त्यांचंही तेच आहे. अंक घरी आला की वाचतील.